लीग आणि कप : धेंपो क्लबाचा एक हंगाम

क्रिकेटच्या धांवा आणि विकेटी तुम्हांपैकीं पुष्कळांस तोंडपाठ असतात. परंतु फुटबॉलच्या बातम्यांत 'लीग' आणि 'कप' हे दोन शब्द जोडीनें आले म्हणजे वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. एकच क्लब एकाच वर्षीं एका स्पर्धेंत मागें पडतो व दुसरींत विजयी होतो, हें कसें घडतें? ह्या प्रश्नाचें उत्तर एका खऱ्या हंगामाच्या आधारें देण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे. तो हंगाम गोव्यांतील धेंपो स्पोर्ट्स क्लबाचा, सन 2004-05 चा. हाच हंगाम निवडण्याचें कारण असें कीं, त्या एका वर्षांत धेंपोस कपही मिळाला आणि लीगही मिळाली. आणि ह्या दोन विजयांच्या मध्यें त्यांच्या सर्वांत तेजस्वी खेळाडूचा मैदानावरच अंत झाला. हा मधला भाग पालकांनींही लक्षपूर्वक वाचावा अशी विनंति आहे, कारण तेथें जें सांगावयाचें आहे तें केवळ खेळापुरतें नाहीं.

प्रथम दोन शब्दांचा अर्थ पाहूं. कप म्हणजे बाद पद्धतीची स्पर्धा. जो हरला तो घरीं गेला. आपल्या तालुक्याच्या शालेय खो-खोच्या किंवा कबड्डीच्या सामन्यांत बहुधा हीच रीत असते. सकाळीं गाणीं म्हणत गेलेला संघ दुपारीं मुकाट्यानें परततो, आणि त्यास दुसरी संधि पुढील वर्षींच मिळते. लीगची रीत निराळी. तेथें प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशीं दोनदां खेळतो, एकदां आपल्या मैदानावर व एकदां त्याच्या. जिंकल्यास तीन गुण, बरोबरी झाल्यास एक, हरल्यास कांहीं नाहीं. अशा रीतीनें महिनोन् महिने गुणांची बेरीज चालते व शेवटीं जो वर राहील तो विजेता. तळाशीं राहणाऱ्यांना खालच्या श्रेणींत उतरावें लागतें. नापास विद्यार्थी निदान त्याच वर्गांत बसतो, येथें तर मागच्या वर्गांत जावें लागतें! कप ही एका दिवसाची तोंडी परीक्षा म्हटली, तर लीग हें वर्षभराचें हजेरीपुस्तक होय.

हे दोन्ही प्रकार इंग्लंडांत जन्मले. तेथील फुटबॉल असोसिएशनची कप स्पर्धा 1871-72 सालीं सुरू झाली. पण कपमध्यें एक व्यावहारिक अडचण होती. पहिल्याच फेरींत हरलेल्या क्लबास पुढें सामनेच उरत नसत, आणि सामने नाहींत म्हणजे तिकिटांचें उत्पन्न नाहीं. अॅस्टन व्हिला क्लबाचे विल्यम मॅकग्रेगर ह्यांच्या पुढाकारानें 1888 सालीं बारा क्लब एकत्र आले व ठरलेल्या तारखांस ठरलेले सामने खेळण्याची व्यवस्था त्यांनीं केली. तीच पहिली लीग. आज तेथें वरच्या चार श्रेणींत 92 क्लब आहेत. त्यांच्या खालीं गांवोगांवचे असंख्य लहान क्लब आपापल्या लीग खेळतात. त्यांस 'लीगबाहेरचे' असें म्हणण्याची चाल आहे. पण कपचें दार त्यांच्यापैकीं पुष्कळांस उघडें असतें, आणि तेथेंच मौज होते. लिंकन सिटी नांवाचा असाच एक क्लब 2016-17 सालीं पांचव्या श्रेणींत खेळत होता. त्याचा शिक्षक डॅनी कौली हा पूर्वी शाळेंत व्यायाम शिकविणारा मास्तर होता. ह्या क्लबानें कपमध्यें एकामागून एक मोठे संघ बाद केले. 18 फेब्रुवारी 2017 रोजीं पहिल्या श्रेणींतील बर्नली क्लबाच्या मैदानावर जाऊन, खेळ संपण्यास एक मिनिट उरलें असतां शॉन रॅगेट ह्यानें डोक्यानें मारलेल्या गोलावर त्यांनीं तो सामना 1-0 असा जिंकला. लीगबाहेरचा क्लब शेवटच्या आठांत पोंचला, तो 1914 नंतर प्रथमच. पुढें आर्सेनल क्लबानें त्यांचा 5-0 असा पाडाव केला. पण त्याच वर्षीं त्यांनीं आपली लीग जिंकली व सहा वर्षांपूर्वीं गमावलेली वरच्या श्रेणींतील जागा परत मिळविली. कपनें त्यांस कीर्ति दिली, लीगनें जागा दिली. माझ्या मतें दुसरी देणगी मोठी. पण चित्रें मात्र बर्नलीच्या गोलाचींच छापलीं जातात.

आतां हिंदुस्थानाकडे वळूं. आपल्या देशांत प्रथम कपच आले. सिमल्याचा ड्युरँड कप 1888 चा व मुंबईचा रोव्हर्स कप 1891 चा. दोन्ही स्पर्धांत आरंभीं गोऱ्या पलटणींचेंच राज्य होतें. पण लष्कराबरोबरच दुसऱ्याही एका मार्गानें हा खेळ येथें आला, आणि तो मार्ग आमच्यासारख्या शाळांचा. श्रीनगरच्या मिशन शाळेंत टिंडल-बिस्को साहेबांनीं 1891 सालीं चामड्याचा चेंडू आणला, तेव्हां तेथील ब्राह्मण विद्यार्थी विटाळाच्या भयानें त्यास पाय लावण्यास तयार नव्हते. गोव्यांत त्याहीपूर्वीं, 1883 सालीं, फादर विल्यम रॉबर्ट लायन्स ह्या पाद्र्यांनीं शिवोली गांवीं मुलांस फुटबॉल शिकविला. शिवोलीच्या त्या मुलांपासून पुढें साऱ्या गोव्यास ह्या खेळाचें वेड लागलें. संबंध देशाची बाद स्पर्धा, म्हणजे फेडरेशन कप, 1977 सालीं निघाली. राष्ट्रीय लीग मात्र 1996 पर्यंत नव्हती. कपची हौस जुनी, लीगची शिस्त नवी, असा हा आपला इतिहास आहे.

धेंपो हें नांव खाणी व जहाजें ह्यांच्या व्यापारांत असलेल्या गोव्यांतील एका घराण्याचें. मराठी वाचकांस तें दुसऱ्याही एका कारणानें परिचित असेल : पणजीचें 'नवप्रभा' हें मराठी दैनिक ह्याच घराण्याचें. त्यांच्या क्लबानें 1978, 1979 व 1986 सालीं मुंबईस येऊन रोव्हर्स कप नेला होता. परंतु फेडरेशन कप त्यांच्या हातीं कधीं लागला नव्हता आणि राष्ट्रीय लीगही नाहीं. 2000 सालापासून आर्मांदो कुलासो हे संघास शिकवीत होते. गोव्याचींच मुलें घडवून संघ उभारण्यावर त्यांचा भर असे. समीर नाईक व क्लिफर्ड मिरांडा हे त्यांपैकींच दोघे, आणि दोघेही पुढें देशाकडून खेळले. त्यांच्या जोडीस परदेशांतून आलेले दोन-तीन खेळाडू. नायजेरियाचा रँटी मार्टिन्स हा त्यांपैकीं एक, आणि दुसरा ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनिअर.

क्रिस्तियानो आदल्या वर्षीं कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल क्लबांत होता. त्या हंगामांत राष्ट्रीय लीगमध्यें सर्वांपेक्षां जास्त, म्हणजे 15 गोल त्यानें केले होते व त्याच्या क्लबानें ती लीग जिंकली होती. 2004 सालीं तो धेंपोकडे आला. वय 25 वर्षें. त्याच्या पाठीवर दहा हा अंक असे.

त्या वर्षींचा फेडरेशन कपचा अंतिम सामना 5 डिसेंबर 2004 रोजीं बंगलोरच्या श्री कंठीरव स्टेडियममध्यें झाला. समोर मोहन बागान. 1889 सालीं स्थापन झालेला, व 1911 सालीं गोऱ्या पलटणीस हरवून आय. एफ. ए. ढाल जिंकणारा तोच प्रसिद्ध क्लब. ह्या सामन्यांत धेंपोचा पहिला गोल क्रिस्तियानोनें केला. 78 व्या मिनिटास तो पुन्हां चेंडू घेऊन गोलाकडे धांवला. त्यास अडविण्यासाठीं गोलकीपर पुढें आला. चेंडू जाळ्यांत गेला. पण त्याच क्षणीं दोघांची टक्कर झाली व क्रिस्तियानो खालीं पडला. तो पुन्हां उठला नाहीं. इस्पितळांत नेल्यावर डॉक्टरांनीं तो मरण पावल्याचें सांगितलें. सामना धेंपोनें 2-0 असा जिंकला होता, दोन्ही गोल त्याचेच होते, आणि कप घेण्यास उभ्या राहिलेल्या त्याच्या सोबत्यांची काय अवस्था झाली असेल ती तुम्हीच कल्पावी. मैदानावर वैद्यकीय मदत पोंचण्यास फार वेळ लागला, अशी टीका त्या वेळीं देशभर झाली.

त्या गोलकीपराविषयींही दोन शब्द लिहिणें न्यायाचें होईल. त्याचें नांव सुब्रत पाल. तेव्हां तो जेमतेम अठरा वर्षांचा होता. त्यास कांहीं काळ खेळण्याची मनाई झाली, आणि लोकांनीं त्यास जे बोल लावले ते निराळेच. परंतु पुढें हाच मुलगा हिंदुस्थानच्या संघाचा गोलकीपर झाला, 2011 च्या आशियाई कपमध्यें त्याच्या खेळाची वाखाणणी झाली व 2016 सालीं त्यास अर्जुन पुरस्कार मिळाला. वेगानें येणाऱ्या फॉरवर्डच्या पायांशीं उडी घेणें हें गोलकीपराचें कामच आहे. अपघातानंतर एखाद्याच्या मनांतील हेतु बाहेरून ठरविण्याची जी घाई आपण करतों, ती येथें केली नाहीं तर बरें.

मुख्य प्रश्न हा कीं, धडधाकट तरुण खेळतां खेळतां असा कां मरतो? हृदय हें एका बारीक विजेच्या प्रवाहावर ठेका धरून चालणारें यंत्र आहे. छातीवर नेमक्या क्षणीं आघात बसला, किंवा जन्मापासून हृदयांत एखादा दोष लपलेला असला, तर तो ठेका एकाएकीं बिघडतो. हृदय नुसतें थरथरतें. रक्त पुढें ढकललें जात नाहीं. मेंदूस रक्त न मिळाल्यामुळें माणूस कांहीं सेकंदांत बेशुद्ध पडतो, आणि चार-पांच मिनिटांनंतर मेंदूची कायमची हानि होऊं लागते. अशा वेळीं कोणीं कांहीं न केल्यास वांचण्याची आशा दर मिनिटास सुमारें 7 ते 10 टक्क्यांनीं घटते. म्हणजे गाडी येईपर्यंत वाट पाहणें हाच त्या माणसाचा मृत्यु ठरतो. ह्याच्या उलट उदाहरण पाहा. 12 जून 2021 रोजीं कोपनहेगन येथें डेन्मार्क व फिनलंड ह्यांचा सामना चालू असतां डेन्मार्कचा क्रिश्चन एरिकसन हा कोणाचाही धक्का न लागतां कोसळला. रेफरीनें तत्काळ खेळ थांबविला. कर्णधार सिमॉन केअर धांवत त्याच्याजवळ पोंचला. वैद्यांनीं लागलीच त्याची छाती दाबण्यास आरंभ केला, व यंत्रानें विजेचा झटका देतांच हृदय पुन्हां चालू झालें. सोबती त्याच्याभोंवतीं बाहेर तोंडें करून उभे राहिले, जेणेंकरून कॅमेऱ्यांस कांहीं दिसूं नये. आठ महिन्यांनीं एरिकसन पुन्हां मैदानांत उतरला.

आपल्या गांवच्या मैदानावर असें यंत्र बहुधा नसतें. पण दोन हात प्रत्येकास आहेत, आणि त्यांचा उपयोग कसा करावा हें आठवी-नववीचा मुलगा किंवा मुलगी सहज शिकूं शकते. खेळतांना कोणी एकाएकीं पडला तर प्रथम त्याच्या खांद्यास हलवून मोठ्यानें हांक मारावी. तो ओ देत नसेल व श्वास चालत नसेल, किंवा मासळी पाण्याबाहेर काढल्यावर जशी आचके देते तसे नुसते आचके येत असतील, तर हृदय थांबलें असें समजावें. त्या आचक्यांस श्वास समजून पुष्कळ लोक फसतात. एकानें 108 ह्या क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. दुसऱ्यानें क्षणभरही न दवडतां कामास लागावें. पडलेल्यास कठीण जमिनीवर उताणें निजवावें. छातीच्या मधोमध, उराच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, एका तळहाताचा मनगटाकडील भाग ठेवून त्यावर दुसरा हात ठेवावा, कोंपर ताठ ठेवावे व सगळ्या अंगाचा भार देऊन दाबावें. छाती दोन इंच आंत गेली पाहिजे. प्रत्येक दाबानंतर ती पुरती वर येऊं द्यावी, आणि पुन्हां दाबावें. मिनिटाला 100 ते 120 वेळां, म्हणजे सेकंदास जवळजवळ दोन. हें काम फार दमविणारें आहे. म्हणून दर दोन मिनिटांनीं माणूस बदलावा, पण खंड पडूं देऊं नये. बरगडी मोडेल ह्या भीतीनें हात आंखडूं नये. मोडलेली बरगडी सांधते. रुग्णवाहिका येईपर्यंत किंवा पडलेला माणूस स्वतः हालचाल करीपर्यंत हें चालू ठेवावें.

आपल्याकडे मात्र काय होतें? पांचपन्नास माणसें भोंवतीं जमून वारा अडवितात. कोणी तोंडावर पाणी मारतो, कोणी कांदा हुंगवितो, कोणी चप्पल नाकाशीं धरतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत पाणी ओतणें तर सर्वांत वाईट. तें श्वासनलिकेंत जातें. ह्यांतच हाताशीं असलेलीं चार-पांच मिनिटें संपतात. येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. खानदेशच्या चैत्र-वैशाखांत, काळ्या जमिनीला भेगा पडल्या असतां, दुपारीं खेळणारा मुलगा उन्हानें घेरी येऊन पडतो तेव्हां त्याचा श्वास चालू असतो. त्याची छाती दाबावयाची नाहीं. त्यास सावलींत नेऊन कपडे सैल करावे, अंग ओल्या फडक्यानें पुसावें व वारा घालावा. तो बरळूं लागला अगर शुद्धीवर येईना, तर त्यासही तांतडीनें डॉक्टरकडे न्यावें. आणि पालकांस आणखी एक सूचना : मुलगा धांवतांना एकदां जरी बेशुद्ध पडला असेल, किंवा घराण्यांत कोणी तरुणपणीं अकस्मात् गेला असेल, तर त्यास खेळाच्या संघांत घालण्यापूर्वीं हृदयाची तपासणी करून घ्यावी. 'अशक्तपणा असेल, दूध वाढवा' एवढ्यावर भागवूं नये.

असो. कपनंतर थोड्याच दिवसांनीं राष्ट्रीय लीग आली. धेंपो क्लबानें दहा अंकाचा शर्ट कायमचा बंद केला व क्रिस्तियानोविना संघ उतरला. बारा क्लब, प्रत्येकाचे बावीस सामने. लीगचा खरा स्वभाव येथें दिसतो. कपच्या अंतिम सामन्यांत दुःख असो वा संताप, दोन तास तें माणसास रेटून नेतें. बावीस सामने कोणी दुःखाच्या भरांत खेळूं शकत नाहीं. दर आठवड्यास आगगाडी किंवा विमान, परकें शहर, परकें अन्न, किरकोळ दुखापती, पावसाळी मैदानावरची निसरड, आणि समोर ज्याचें आपणांशीं कांहींच वैर नाहीं असा संघ. पहिल्या सामन्याइतक्याच निष्ठेनें अठरावा सामनाही खेळावा लागतो. रँटी मार्टिन्सवर गोल करण्याचा भार आला, मधल्या फळीवर चेंडू पोंचविण्याचा, आणि मागच्या फळीवर नुसतें न डगमगण्याचा.

शेवटपर्यंत त्यांच्या पाठीशीं लागला होता तो दुसरा गोवेकर संघच, स्पोर्टिंग क्लब द गोवा. कलकत्त्याचे बलाढ्य क्लब मागें राहिले आणि देशाच्या लीगचा निकाल गोव्याच्या दोन क्लबांत लागावयाचा उरला. 2005 च्या उन्हाळ्यांत हिशेब पुरा झाला तेव्हां धेंपोचे 47 गुण होते, स्पोर्टिंगचे 45, आणि ईस्ट बंगाल तिसरा. ज्यांस गणित आवडतें त्यांनीं ह्या दोन गुणांचा विचार करून पाहावा. बरोबरीस एक गुण व विजयास तीन. म्हणजे फरक नेमका एका बरोबरींत सुटलेल्या सामन्याचा. धेंपोच्या विजयांपैकीं कोणताही एक शेवटच्या क्षणीं बरोबरींत सुटता, तर दोघांचे गुण समसमान झाले असते. मग लीग कोणत्या सामन्यांत जिंकली? कपच्या बाबतींत त्याचें उत्तर तारीख, मिनिट व खेळाडूचें नांव देऊन सांगतां येतें. लीगच्या बाबतींत तें सांगतां येत नाहीं. एखाद्या ओल्या दुपारीं, रिकाम्या बांकांपुढें, समीर नाईकसारख्या एखाद्या बचाव खेळाडूनें रेषेवरून परत मारलेला एखादा चेंडू त्या दोन गुणांच्या मोलाचा असूं शकतो, आणि त्याची नोंद कोठेंही नसते.

धेंपोनें पुढें 2006-07, 2007-08, 2009-10 व 2011-12 सालींही देशाची लीग जिंकली. त्यांतील शेवटच्या तीन वेळां तिचें नांव बदलून आय-लीग झालें होतें. कुलासो 2013 पर्यंत त्यांचे शिक्षक होते. मग 2015 सालीं हाच क्लब खालच्या श्रेणींत घसरला; दुसऱ्याच वर्षीं ती श्रेणी जिंकून त्यानें वर येण्याचा हक्क मिळविला, पण देशांतील स्पर्धांच्या नव्या मांडणीवरून वाद होऊन तो राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडला व गोव्यापुरता खेळत राहिला. 2024-25 च्या हंगामांत तो पुन्हां आय-लीगमध्यें उतरला. फेडरेशन कप मात्र त्यास 2004 नंतर मिळाला नाहीं. विजेत्यांच्या यादींत धेंपोचें नांव एकदांच येतें, आणि त्यापुढें त्या सामन्याचे दोन गोल एकाच खेळाडूच्या नांवें लिहिलेले आहेत.